पाच जणांना वाटलेला दमा

आनातिल्दे पिराचिकानच्या अंगठ्यांबद्दल सायकलवाल्यांत बरंच बोललं जायचं. ते अंगठे घडले मोंगी गावात, फुटबॉल शिवताशिवता. आमच्या बोयाकाच्या डोंगरात मोंगीच्या घराघरांत बाया फुटबॉल शिवतात. बत्तीस तुकडे, मेण लावलेला दोरा, दोन सुया, आणि प्रत्येक टाका अंगठ्याने ओढून घट्ट करायचा. तिने आठव्या वर्षी सुई हातात घेतली ती बाविसाव्या वर्षी खाली ठेवली. मग सोगामोसोला जाऊन नर्सचा छोटा कोर्स केला आणि गावच्या दवाखान्यात लागली. एका रविवारी पायात गोळे आलेला एक सायकलपटू तिच्यापुढे आणून टाकला. बाईने दहा मिनिटं त्याची पोटरी दाबली. तो उठून चालायला लागला आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या संघाचा माणूस तिला न्यायला आला. लग्नबिग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "आठ पुरुषांच्या तंगड्या रोज चोळते, घरी आणखी एक कशाला?"

सव्वीस वर्षं ती एका दूध कंपनीच्या संघात मालिशवाली होती. मालिश हे नुसतं नाव. पहाटे बाटल्या भरायच्या, गुळाचं पाणी उकळायचं, पेरूच्या वड्या कापून कागदात गुंडाळायच्या, घाटात उभं राहून धावत्या सायकलींवर पिशव्या द्यायच्या आणि शर्यत संपली की एकेकाला टेबलावर घ्यायचं. आणि वही लिहायची. चौकटीच्या कागदाची शाळकरी वही. प्रत्येक सायकलपटूचं एक पान आणि त्यावर रोजची एक ओळ: पाय कसे, झोप कशी, पोट कसं, श्वास कसा. ही वही तिला कुणी सांगितली नव्हती, दवाखान्याची सवय. पण तिच्या वहीत आहे म्हणजे खरं आहे, असं संघात सगळे मानायचे. तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

नव्वद सालापासूनचा काळ तिने पाहिला होता. लोकांनी दंडात काय काय टोचून घेतलं, रक्त काय काढलं, काय भरलं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर. तिने कधी हात लावला नाही. "सुई मी फुटबॉलला लावली, माणसाला लावायची तर दवाखान्यात," एवढं सांगून ती विषय संपवायची. अशी बाई घसरली ती सुईवर नाही, पेनावर.

झालं ते असं. छाती मोकळी करणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. दमेकऱ्याला त्या औषध. धडधाकट माणसाने घेतल्या तर चरबी झडते, पायाचं दुखणं बोथट होतं, आणि घाट लहान वाटायला लागतो. म्हणून शर्यतीत त्यांना बंदी. पण खराच आजारी असला तर त्याने काय मरायचं? त्याच्यासाठी बोगोतात एक समिती बसते. डॉक्टरने अर्ज करायचा, तपासण्या जोडायच्या, आणि समितीने सवलतीचा कागद दिला की गोळी घ्यायला मोकळा. नियम चांगला आहे. माणसाला माणूस समजून केलेला आहे. म्हणूनच त्याच्यात पाणी मुरायला वेळ लागला नाही.

संघाचे डॉक्टर फार्फान बोगोताचे. गोड बोलणारे, हाताला सुवास येणारे. एका संध्याकाळी पाइपा गावच्या हॉटेलात जेवणाआधी ते तिच्याजवळ येऊन बसले.

"दोन्या आना, सुमर्सेंची वही लागेल जरा." दोन्या म्हणजे बाई, आणि 'तुम्ही'च्या जागी आमच्याकडे सगळ्यांनाच सुमर्से म्हणतात, बिशपलाही आणि बैल विकणाऱ्यालाही, त्यात आदर किती आणि सवय किती ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.

"वही काय लपवलीय? घ्या की."

"तशी नाही हो. ओर्लांदोच्या पानावर छातीचं काहीतरी हवं. धाप, घरघर. कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असलं की समितीला बरं वाटतं. तपासणीचं मी बघतो."

"ओर्लांदोला दमा? तो काल चढावर गाणं म्हणत होता."

"युरोपात अर्ध्या सायकलवाल्यांना दमा आहे. आपल्या पोरांची फुप्फुसं काय त्यांच्यापेक्षा हलकी आहेत?" फार्फान हसले. "यात खोटं काही नाही, दोन्या आना. कागद आहे ना, मग कायदा आहे. आपण चोरून थोडंच देतोय?"

ओर्लांदो कुबिदेस संघाचा म्होरक्या. त्या वर्षी बिचारा प्रत्येक घाटात मागे पडत होता आणि दूध कंपनी संघ बंद करायच्या गोष्टी करत होती. आठ पोरं आणि पाच कामकरी रस्त्यावर आले असते. पण खरं सांगायचं तर तिने ते त्यासाठी केलं नाही. एका शिकलेल्या माणसाने आपल्या वहीची किंमत ओळखली, याचंच तिला बरं वाटलं. बाईचं चुकलं, आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

आता दमा लिहायचा तर कसा? तिने आयुष्यात एकाच माणसाचा दमा जवळून पाहिला होता. एलिएसेर सेलीचा, तिच्या मानलेल्या मुलाचा. शेजारच्या बेलार्मिनाचं पोर. चर्चमध्ये पाणी शिंपडताना त्याला हातात धरलं होतं आनातिल्देने, म्हणून तो तिला माद्रिना म्हणायचा. आमच्याकडे माद्रिना म्हणजे अर्धी आई, आणि आई मेली तर पुरी. बेलार्मिनाचं स्वयंपाकघर कोळशाचं, खिडकी नसलेलं. सात वर्षांचा असताना तिथे त्याला जो झटका आला, तो आनातिल्देने पाहिला होता आणि रुआन्यात, म्हणजे अंगावरच्या लोकरी घोंगडीत, गुंडाळून त्याला दवाखान्यापर्यंत पाठीवर नेलं होतं.

तेच तिने लिहिलं. "पुढे वाकून बसला. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर. डाव्या हाताने टेबलाची कड धरली. ओठ कडेने निळसर. तीन शब्दांनंतर थांबतो. गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो." तारीख टाकली. फार्फाननी वाचलं आणि ते म्हणाले, "वा, सुमर्से तर डॉक्टरच व्हायला हव्या होत्या." सवलत तीन आठवड्यांत आली. कुबिदेस त्या हंगामात दोन टप्पे जिंकला, आणि कुणाच्या पोटात दुखलं तरी त्याच्याकडे कागद होता.

एकदा हात सैल झाला की झाला. दोन वर्षांत आणखी चौघांची पानं तशीच लिहिली गेली. एकाचा डावा हात, दुसऱ्याचा उजवा. एकाने टेबल धरलं, दुसऱ्याने गाडीचं दार. बाकी सगळं तेच, कारण तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. गंमत म्हणजे एलिएसेर त्याच संघात होता. एकोणतीस वर्षांचा, चढावर चांगला, कधी तक्रार नाही. लहानपणचा दमा निवला होता. खिशात एक निळा पंप असायचा, त्याला परवानगी लागत नाही. सवलत मागावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

मग तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्याला छातीचा ताप आला आणि गेलेला दमा दुप्पट होऊन परतला. थंडीत, उंचावर, जोर लावला की झटका. बसल्याजागी फुंकर मारायची तपासणी केली की छाती साफ. तुंहा शहरातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झटका आला की गोळ्यांचा कोर्स घ्यायलाच हवा, नाहीतर एक दिवस पंप पुरणार नाही. फार्फाननी अर्ज केला. आनातिल्देने वहीतली पानं दिली, आणि या वेळी प्रत्येक ओळ खरी होती.

उत्तर एप्रिलमध्ये आलं. एलिएसेर ते घेऊनच टेबलावर चढला. पालथा पडून कागद जमिनीवर ठेवून वाचत होता, ती मांडी चोळत होती.

"माद्रिना, नाही म्हणालेत."

"का बरं?"

"थांबा. 'सोबतचं वर्णन याच संघाच्या आधीच्या पाच अर्जांशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं. त्यामुळे ते ग्राह्य धरता येत नाही.'" त्याने मान वर केली. "पाच कोण? आपल्याकडे मी एकटा दमेकरी."

तिचे अंगठे थांबले. सव्वीस वर्षांत ते मध्येच कधी थांबले नव्हते. तिने सगळं सांगितलं, कुबिदेसपासून. कारणं दिली नाहीत. ती तिला स्वतःलाच पटली नसती.

तो उठून बसला, पाय खाली सोडून. रागावेल असं तिला वाटलं होतं, पण तो रागावला नाही. "म्हणजे पाच जण माझा दमा घेऊन फिरतायत," तो म्हणाला, "आणि मलाच तेवढा नाही."

"मी बोगोताला जाते. सांगते त्यांना."

"काय सांगणार? पाचही जण जातील. फार्फान जाईल. तुम्हीही जाल."

"गेले तर गेले. चुलीवर मी बसवलेलं भांडं आहे, उतू गेलं तर मीच पुसणार."

"आणि मी?"

"तुला कागद मिळेल."

त्याने शर्ट चढवला आणि म्हणाला, "बघा बाई." तिच्या मनाला ते लागलं, कारण तो तिला कधी बाई म्हणत नसे.

बोगोतात समितीच्या डॉक्टर मोस्केरांनी तिला दीड तास ऐकून घेतलं. साधी, थकलेली बाई; टेबलावर घरून आणलेला डबा तसाच होता. त्यांनी सहा पानं शेजारीशेजारी मांडली आणि विचारलं, "यातला खरा दमा कोणता?"

"सगळे एलिएसेरचेच," आनातिल्दे म्हणाली. "मी त्याचा घेऊन बाकीच्यांना दिला."

"दोन्या आनातिल्दे, मी सुमर्सेंवर विश्वास ठेवते. इथे येऊन हे सांगायला कुणाला हौस नसते." मोस्केरा पानं एकत्र करू लागल्या. "पण माझा विश्वास अर्जाला जोडता येत नाही. पाच सवलती आज रद्द होतील, चौकशी लागेल. आणि पाच वेळा खोटं लिहिलेल्या माणसाची साक्ष सहाव्या वेळी मी धरली, तर उद्या मला सगळ्यांचीच धरावी लागेल."

"तो मरेल हो घाटात एखाद्या दिवशी."

"मग त्याला थांबवा. गोळ्या घेऊ दे, बरा होऊ दे, घरी बसू दे. घरी बसणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही."

"घरी बसला तर पुढच्या वर्षी त्याला कोण घेणार? तिशीला आला तो."

"तर मग आमच्या कुणाला तरी दिसू दे. तपासणीत दिसत नाही, तुमचं चालत नाही. आमच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, तर मी त्याच दिवशी सही करते." मोस्केरांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसायला कठीण होतं. आनातिल्देने रुआना खांद्यावर घेतला आणि बसस्थानकाची वाट धरली.

पुढचं सगळं भराभर झालं. फार्फान राजीनामा देऊन मोकळे झाले. म्हणे कुटुंबासाठी वेळ हवा. कुबिदेसने तिला संघाच्या गोदामासमोर गाठलं. "सव्वीस वर्षं हे हात चोळत होते की आमची मानगूट शोधत होते?"  संघाने तिला कायमची रजा दिली, तिचं टेबल दुसऱ्याला दिलं. आणि एलिएसेर? पाच माणसं बाजूला झाल्यावर संघात उभं राहायला माणूसच उरला नव्हता, त्यामुळे त्याला देशभराच्या शर्यतीत घेतलंच. आयुष्यात पहिल्यांदा संघाचा म्होरक्या म्हणून.

तिने त्याला हात जोडून सांगितलं. तो मोंगीत तिच्या दारात उभा होता, सायकल भिंतीला टेकवून.

"नको जाऊ रे. गोळ्या घे. वर्षभर बस."

"बसलो की संपलो, माद्रिना. सुमर्सेंना ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणून तर सांगतेय."

"पंप आहे की," तो म्हणाला, आणि गेला.

सातवा टप्पा सोगामोसोच्या वरच्या घाटातून होता. आनातिल्दे सकाळीच जाऊन उभी राहिली, वरच्या तीन वळणांपाशी, जिथून खाली गवत पिवळं होत जातं आणि वारा थांबत नाही. लोक मक्याची कणसं खात होते, रेडिओ कानाला लावून. तिच्या पिशवीत गुळाचं पाणी होतं आणि त्याखाली रुमालात गुंडाळलेली एक सुई आणि स्टिरॉइडची बाटली. तुंहाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली, अगदीच वेळ आली तर म्हणून.

पुढचे सात जण गेले. एलिएसेर आठवा असायला हवा होता, पण तो अकरावा आला आणि येतानाच वाकडातिकडा येत होता. तिच्यापासून वीस पावलांवर तो उतरला. उतरला कसला, सायकल त्याच्या खालून गेली. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसला. तोंड उघडं, आणि छातीतून शिट्टी येत होती. पंप त्याने दोनदा ओढला, तिसऱ्यांदा ओढला, मग नुसताच हातात धरून ठेवला.

ती पोचली तेव्हा पिशवी उघडीच होती. तिने रुमाल सोडला, बाटलीचं टोक मोडलं, सुई भरली.  एलिएसेरने मान हलवली.

"नको," तो म्हणाला. श्वास घेतला. "तुमच्या हाताने," पुन्हा श्वास, "नको."

आणि त्याचं बरोबर होतं, मेली गोम तीच होती. जीव वाचवायला कुणीही टोचावं, नियम अडवत नाही, नंतर कागद करता येतो. पण त्या कागदावर लिहायचं काय? की भर शर्यतीत आनातिल्दे पिराचिकानने त्याला स्टिरॉइड दिलं, आणि कशासाठी, तर आनातिल्दे पिराचिकान सांगते की त्याला दमा आला होता. पाच वेळा खोटं लिहिलेली बाई. मोस्केराबाईंचा नाइलाज झाला असता. जिवंत राहिला असता आणि फसवा ठरला असता, उरलेलं सगळं आयुष्य.

घाटात खाली शर्यतीच्या डॉक्टरची पांढरी गाडी दिसत होती; त्याने लिहिलेलं समिती मानणार होती. दोन वळणं. मध्ये मागे राहिलेल्या सायकलींचा घोळका, आणि गाडी त्यांच्या मागून सावकाश येत होती.

आनातिल्देने ठरवलं: गाडी पहिल्या वळणावर येईपर्यंत. त्यानंतर मी त्याचं ऐकणार नाही. भरलेली सुई रुआन्याच्या आत धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. ओठांचा रंग जात होता. लोक जमले, कुणी म्हणालं पाणी द्या, कुणी म्हणालं झोपवा. तिने हाताने सगळ्यांना मागे सारलं, पण त्याला हात लावला नाही. अर्धी आई म्हणतात माद्रिनाला. त्या दोन मिनिटांत तिला स्वतःची एवढी घृणा वाटली की पुढे ती त्याबद्दल कधीच बोलली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

गाडी पहिल्या वळणावर आली आणि घोळक्यामागे अडकली. आनातिल्देने एलिएसेरकडे पाहिलं; शिट्टी अजून येत होती, म्हणजे श्वास चालू होता. मग भरलेली सुई शेजारच्या बाईच्या हातात दिली, "धरा, हलवू नका," म्हणाली, आणि चौपन्न वर्षांची ती बाई उतारावरून धावली, सायकलींच्या मधून, लोकांच्या शिव्या खात. गाडीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरने ब्रेक लावला तेव्हा गाडीचं नाक तिच्या गुडघ्यांना टेकलं होतं.

शर्यतीचा डॉक्टर तरुण होता. उडी मारून उतरला आणि पळत वर गेला. गळा पाहिला, ओठ पाहिले, बोटाला यंत्र लावून आकडा पाहिला. आपल्या पेटीतून सुई काढून दंडात दिली, तोंडावर वाफेचा मुखवटा बांधला. चार मिनिटांनी शिट्टी उतरली. दहाव्या मिनिटाला एलिएसेरने डोळे मिटून मान मागे टाकली, आणि पाठीवरचा शर्यतीचा क्रमांक डॉक्टरने स्वतः कापून काढला. त्याची शर्यत तिथेच संपली.

मग डॉक्टरने खिशातून फॉर्म काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला. लिहितालिहिता वर पाहिलं. त्या गर्दीत सगळ्यात शांत हीच दिसली असावी.

"सुमर्से पहिल्यापासून इथेच होत्या ना? कधी सुरू झालं? किती वेळ होता असा? काय काय दिसलं, सांगा."

तिला प्रत्येक श्वास ठाऊक होता. मोजून सांगितला असता.

"मला नका विचारू, डॉक्टर," आनातिल्दे म्हणाली. "सुमर्सेंना जे दिसलं तेवढंच लिहा."

तो गोंधळला, पण लिहायला लागला. एलिएसेरने मुखवट्याआडून तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, फॉर्म पुरा होऊन खाली सही होईपर्यंत.